'फिस'चं पहिलं वर्ष आणि बाबांच्या फोनमधली यादी

"यू-१६ला होता तोवर पहिल्या पाचाच्या खाली कधी गेला नाही. आणि आता बिब नंबर ९४! एका वर्षात असं काय बिघडलं?"

अल्पाइन स्की रेसिंग, म्हणजे बर्फाच्या उतारावर खांबांच्या गेटांमधून वळत खाली येण्याची शर्यत, करणाऱ्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे बोलायला येतात ते बहुतेक याच टप्प्यावर आणि हाच प्रश्न घेऊन. यू-१६ म्हणजे सोळा वर्षांखालचा गट, आणि बिब म्हणजे अंगावरचा नंबर, ज्या क्रमानं सुटायचं तो. त्यातल्या एका घराबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा नुकताच सोळाचा झालेला, डिसेंबरातला जन्म. या खेळात गट जन्मवर्षावरून पडतात, त्यामुळे जानेवारीतलं मूल आणि डिसेंबरातलं मूल एकाच रांगेत उभं राहतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, वजनात, पायांच्या ताकदीत बराच फरक. तरीही हा मुलगा यू-१४, यू-१६मध्ये पुढे होता, म्हणजे तंत्र चांगलंच असणार. पण तिथे स्पर्धा आपल्याच वयाच्या, दोन जन्मवर्षांतल्या मुलांशी असते. ज्या वर्षी सोळा पूर्ण होणार, त्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे सगळे ज्याला नुसतं 'फिस' म्हणतात त्याच्या शर्यती खुल्या होतात, आणि तिथे वयाची भिंत जाते. शेजारी बावीस वर्षांचा, युरोपा कप, म्हणजे वर्ल्ड कपच्या खालची स्पर्धा, खेळून आलेला गडी उभा असतो. जायंट स्लॅलमची, म्हणजे दूरदूर गेट असलेल्या शर्यतीची, स्कीसुद्धा बदलते. वळणाची त्रिज्या ३० मीटर, लांब, वळायला हट्टी. ज्या मुलाचं वजन अजून भरलेलं नाही, त्याचं ती सहजासहजी ऐकत नाही.

त्यात नव्या मुलाच्या खात्यावर पॉइंट नसतात. फिस पॉइंट जितके कमी तितके चांगले, जगातले अव्वल खेळाडू शून्याच्या आसपास. शर्यतीत सगळ्यांत कमी पॉइंटांच्या १५ जणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यांच्यामागे पॉइंटप्रमाणे बाकीचे, आणि पॉइंट नसलेले सगळ्यांत शेवटी. हा मुलगा स्टार्टला पोचतो तेव्हा ९३ जण त्याच बर्फावरून गेलेले असतात. त्याच्याच शब्दांत: "प्रत्येक गेटपाशी बूट बुडेल एवढा चर पडलेला असतो. चरातून गेलं तर तो नेईल तिकडे जावं लागतं, आणि चर टाळला तर लांबून वळसा. पहिल्या बिबवाल्याचा कोर्स मी पाहिलेलाच नाही."

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. पायरी बदलली होती. एवढं सांगून मी त्यांना परत पाठवू शकले असते, पण मुलाच्या कोचनं आईला एक वेगळी गोष्ट सांगितली होती: सरावात हा मोकळा स्की करतो आणि शर्यतीत प्रत्येक गेटच्या आधी ब्रेक लावतो.

का लावतो, ते त्यानं मला एकट्यानं बोलताना सांगितलं. बाबांच्या फोनमध्ये एक तक्ता आहे. यू-१६च्या जुन्या गटातली सात मुलं, त्यांच्या शर्यती, पॉइंट, हिरवे आणि लाल रकाने. शर्यत संपली की मुलाचे बूट निघायच्या आत रकाना भरलेला असतो. मध्येच गेट चुकून बाहेर गेला तर 'डीएनएफ', म्हणजे शर्यत अपुरी, आणि लाल रंग. "लाल आला की गाडीत कोणी बोलत नाही. मग मी खाली पोचायचं बघतो. हळू का होईना, पोचतो."

बाबा दुष्ट नव्हते, हे मुद्दाम सांगते. पहाटे चारला उठून स्कीच्या कडांना धार लावणारा माणूस. त्यांना वाटायचं, नोंद ठेवणं ही आपली मदत आहे.

पुढच्या भेटीत मी त्यांना पॉइंटचं गणित समजावून द्यायला सांगितलं. त्यांना तोंडपाठ होतं. तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून एक वजा, गुणिले त्या प्रकाराचा ठरलेला आकडा. स्लॅलमला, म्हणजे जवळजवळ गेट असलेल्या शर्यतीला, तो ७३०. विजेत्याचे दोन्ही रन, म्हणजे वरून खालपर्यंतच्या दोन फेऱ्या, मिळून १०० सेकंद आणि आपले १०८, तर ७३० गुणिले ०.०८, म्हणजे ५८.४. त्यात शर्यतीतले खेळाडू किती तगडे होते त्यावरून निघणारी पेनल्टी मिळवायची. ती ४० असेल तर झाले ९८.४.

"आणि फिसच्या यादीत किती शर्यती धरतात?" मी विचारलं.

"सगळ्यांत चांगल्या दोन. त्यांची सरासरी."

"मग डीएनएफचं काय होतं?"

"काही नाही. तो धरतच नाहीत." एवढं बोलून ते फोनकडे बघत बसले.

फिस दोन चांगले निकाल धरते आणि बाकीचे सोडून देते. या घरात मात्र एकही सुटत नव्हता. नव्या मुलाला पुढचा बिब हवा तर त्याला वर्षभरात दोन वेगवान शर्यती लागतात, पण हा पंचवीस सावध शर्यती पुऱ्या करत होता. प्रत्येक वेळी खाली पोचायचा, प्रत्येक वेळी आठ-नऊ टक्के मागे. घरात लाल रकाना कमी झाला म्हणून समाधान आणि पॉइंट हलत नाहीत म्हणून काळजी, दोन्ही एकाच वेळी.

मी त्याला 'बिनधास्त सुटायचं' असं काही सांगितलं नाही. कडक बर्फावर, थकलेल्या पायांनी जोर लावणं म्हणजे गुडघ्याशी खेळ. कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं हे कोचनंच सांगावं. माझं काम गाडीतल्या शांततेपुरतं होतं. ठरलं असं की तक्ता बंद, अधिकृत यादी नवी निघाली की ती कोच बघणार, आणि गाडीत शर्यतीचा विषय मुलानं काढला तरच निघणार. बाबांना हे जड गेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आकडे चोरून पाहिले. स्वतःच सांगितलं, हसत.

मुलाला विचारलं, तुला स्वतःला काय हवंय? मला वाटलं होतं पॉइंट सांगेल. तो म्हणाला, "पहिल्या रनला एकदा तिसावा." कारण दुसऱ्या रनला पहिल्या ३० जणांचा क्रम उलटा लावतात, तिसावा सगळ्यांच्या आधी सुटतो. "एकदा तरी चर नसलेला कोर्स बघायचाय." इतकं नेमकं उद्दिष्ट मोठ्यांकडूनही क्वचित ऐकायला मिळतं.

आईची काळजी वेगळी होती. हा लहान चणीचाच राहिला तर? आणि शाळा सोडवून निवासी स्की अकादमीत घालायचं का, तेही लगेच? बाबांनी मध्येच अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनचं नाव घेतलं, ती पंधराव्या वर्षी वर्ल्ड कपला उतरली होती. खरं आहे. ऑस्ट्रियाचा हरमान मायर मात्र डिसेंबर १९७२चा. पंधराव्या वर्षी त्याला चण लहान म्हणून अकादमीतून घरी पाठवलं. तो गवंडीकाम करू लागला, हिवाळ्यात स्की शिकवू लागला. जानेवारी १९९६मध्ये फ्लाखाउच्या वर्ल्ड कपला कोर्स तपासायला आधी सोडतात त्यांच्यात तो होता, आणि त्याची वेळ शर्यतीत धरली असती तर बाराव्या क्रमांकाची ठरली असती. १९९८ला नागानो ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं घेतली. ही गोष्ट सांगताना मी लगेच पुढचंही सांगते: घरी पाठवलेल्या बाकीच्या मुलांची नावं आपल्याला माहीत नाहीत. फिसच्या वर युरोपा कप, नॉर-ॲम कप असे खंडीय कप, त्यांच्या वर वर्ल्ड कप, आणि बहुतेक मुलं फिसच्याच पायरीवर थांबतात. काही जण विद्यापीठाकडून खेळत राहतात. हे आईबाबांना आधी कळलेलं बरं.

म्हणून अकादमीचा निर्णय हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलायला सुचवलं. तोवर कोचला दोन प्रश्न विचारायचे: याची उंची-वजनाची वाढ कुठवर आली आहे, आणि सराव व शर्यत यांच्या वेळेतला फरक कमी होतोय का. दुसऱ्याचं उत्तर फेब्रुवारीत 'हो' आलं. त्या महिन्यात तो बऱ्याचदा मध्येच बाहेर गेला, पण ज्या दोन शर्यती पुऱ्या झाल्या त्यांनी पॉइंट चांगलेच उतरले. पहिल्या रनला तिसावा मात्र आला नाही. एकतिसावा आला. त्यावरून त्यानंच गाडीत विषय काढला आणि घरी पोचेपर्यंत बोलत होता, असं आई म्हणाली.

अकादमीचं अजून ठरलेलं नाही. मध्यंतरी आईचा फोन आला तो धाकटीसाठी. ती दहाची, तिच्या क्लबात निकालांची यादी भिंतीवर लावतात, तिचाही तक्ता सुरू करायचा का, असं बाबा विचारत होते. मी नॉर्वेचा नियम सांगितला. तिथे मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांच्या याद्या लावत नाहीत, आणि तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही नाही. हेन्रिक क्रिस्टोफरसन, आक्सेल लुंड स्विंडाल असे अव्वल अल्पाइन खेळाडू त्याच देशातले. आई म्हणाली, "थांबा, ह्यांनाच फोन देते. तुम्हीच सांगा."