संशोधन करायचंय, पण भावावर नाही

प्रश्न: मी तासगावची, सांगलीत बी.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोळा वर्षांचा धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बेचैन झाला की हात चावतो, डोकं आपटतो. अशी मुलं स्वतःला इजा का करून घेतात, यावरच मला संशोधन करायचंय. आई म्हणते, आधी नोकरीचं बघ. भावाच्या नोंदींची वही ठेवलीय, ती पुढे उपयोगी पडेल का? संख्याशास्त्र अवघड म्हणून सोडलं, चालेल ना?

उत्तर: वही जरूर ठेव, पण डॉक्टरांना दाखवण्यासाठी. सांगता न येणारी दातदुखी, कानदुखी, साफ न झालेलं पोट, मिरवणुकीतला डीजे, यातलं काहीही त्या आपटण्यामागे असू शकतं. शोधनिबंधासाठी मात्र ती नको. अल्पवयीनांवरच्या संशोधनाला पालकांची संमती, मुलाचा होकार आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते. शिवाय घरात तू ताई आहेस, तेवढं पुरे.

तुझ्या प्रश्नात दोन विषय मिसळलेत. डोकं आपटणं वेगळं. छान बोलणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या स्वमग्न मुलीने लपूनछपून स्वतःला इजा करणं वेगळं. दुसऱ्या विषयाकडे, आणि त्याला लागून येणाऱ्या आत्महत्येच्या विचारांकडे, लक्ष उशिरा गेलं. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात (२०१४) मोठेपणी बोलण्यात मागे नसलेल्यांच्या स्वमग्नतेचं, म्हणजे अ‍ॅस्पर्जरचं निदान झालेल्या ३६७ जणांपैकी ६६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. आकडा हादरवतो. पण ते सगळे एका खास क्लिनिकमध्ये आलेले प्रौढ होते. तासगावच्या पोराला तो जसाच्या तसा लावता येत नाही. पुढच्या अभ्यासात, चारचौघांसारखं दिसायला स्वमग्नता सतत झाकण्याशीही अशा विचारांचा संबंध दिसला. ‘लोक काय म्हणतील’वर चालणाऱ्या आपल्या घरांत हे कसं घडतं, हा प्रश्न मला तुझ्या जागी खुणावला असता.

आईचंही बरोबर आहे. म्हणून आधी चिकित्सा मानसशास्त्र कर. त्यासाठी एम.ए. पुरत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. नियम बदलताहेत, तेव्हा फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्था बघ. पीएच.डी. नंतरही होते. बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) दोन्हींसाठी नजरेसमोर ठेव. सुट्टीत एखाद्या विशेष शाळेत मदतीला जा.

भावाची इजा वाढत असेल, तर तुझ्या पदवीसाठी थांबू नका. सांगली-मिरजेत मानसोपचारतज्ज्ञ आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं.

आणि नाही, संख्याशास्त्र सोडून चालणार नाही. वरच्या ६६ टक्क्यांचं काय करायचं, हे त्याशिवाय कळत नाही. पुढच्या सत्रात परत घे.