अशोकमामांचा ठसका, पाइप आणि पडद्यामागचं बरंच काही

प्रश्न असा आहे: ‘धूमधडाका’मधलं ते ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ खरंच चुकून झालं, की तो नंतर रंगवलेला किस्सा? आणि अशोक सराफ यांच्या सिनेमांमागच्या अशा आणखी कुठल्या गोष्टी आहेत?

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. जन्म गिरगावातला. ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या एका डबिंग थिएटरात साउंड असिस्टंट म्हणून लागलो आणि बारा वर्षं तिथेच काढली. अशोकमामांच्या एकाही सिनेमाला माझा हात लागलेला नाही. उगाच ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण पडद्यावरचा विनोद पडद्यापर्यंत कसा पोचतो, ते मात्र रोज हातभर अंतरावरून बघितलंय.

तर हो, किस्सा खरा आहे आणि तो त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलाय. ‘धूमधडाका’ १९८५चा, महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. त्यात अशोकमामांना मित्राचा बडा श्रीमंत बाप बनून यायचंय, समोर शरद तळवलकर. श्रीमंती दाखवायची म्हणून तोंडात पाइप. बोलता बोलता धूर घशात गेला, ठसका लागला आणि वाक्याच्या जागी घशातून भलताच आवाज निघाला. दुसरा कुणी असता तर ‘सॉरी, परत घेऊ’ म्हणाला असता. यांनी तो आवाज त्या खोट्या बापाची सवयच करून टाकली.

लोक हा किस्सा इथे थांबवतात. माझ्या मते खरी गंमत इथून पुढे सुरू होते.

त्या काळी मराठी सिनेमाचा आवाज सर्रास नंतर, डबिंगमध्ये घेतला जाई. आउटडोअरला वापरायचे ते हलके कॅमेरे शिलाई मशीनसारखे खडखडायचे. वर कावळे, रिक्षा, बघायला जमलेली गर्दी. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज म्हणजे पायलट ट्रॅक, नुसता आठवणीपुरता. मग सिनेमाचे छोटे छोटे तुकडे करून त्यांच्या गोल लूप बनवायच्या. एकच तुकडा पडद्यावर फिरत राहणार, दहा वेळा, वीस वेळा. सुरुवातीच्या फिल्मवर रंगीत पेन्सिलीची तिरकी रेघ. ती पडद्यावर सरकत कडेला टेकली की नटाने तोंड उघडायचं.

आता विचार करा. सेटवर जो ठसका आपोआप लागला, तो डबिंगच्या थंडगार खोलीत मुद्दाम काढायचा. तोंडात पाइप नाही, घशात धूर नाही, समोर तळवलकर नाहीत. समोर माइक, आणि पडद्यावर आपलेच ओठ हलतायत. सेकंदाला चोवीस फ्रेम. दोन-तीन फ्रेमनी जरी आवाज मागे पडला, तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, आणि विनोदात ते ‘काहीतरी’ म्हणजे हसू गेलंच. वाक्य डब करणं त्या मानाने सोपं, कारण ते कागदावर असतं. ठसका कागदावर नसतो.

हे मला कसं कळलं, त्याचा माझाच एक फजितीचा किस्सा. नवा होतो. एका सिनेमात (नाव राहू दे) एका विनोदी नटाला पायलट ट्रॅकवर उचकी लागलेली होती. मला वाटलं, कचरा आहे. मी शीटवर फक्त लिहिलेला संवाद उतरवला. नटानेही तोच सरळ म्हटला आणि घरी गेला. मग रीळ बघताना सगळ्यांच्या लक्षात आलं की पडद्यावर माणसाचे खांदे मध्येच उडतायत आणि आवाज काहीच नाही! जणू त्याला मागून कुणी टाचणी टोचतंय. नट दुसऱ्या गावी नाटकाच्या दौऱ्यावर. रेकॉर्डिस्ट माझ्याकडे बघून म्हणाले, “घाण तू केलीस, आता उचकी पण तूच दे.” सतरा वेळा दिली. अठराव्या वेळी खरी लागली आणि ती थांबेना. तो सिनेमा आजही अधूनमधून टीव्हीवर लागतो. तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीचा आवाज वाढवून माझ्या उचकीची वाट बघतात.

त्यामुळे कुणी म्हणालं, ‘अमुक विनोद सहज झाला’, की मी विचारतो: झाला सहज, पण ठेवला कुणी? फिल्मचा हिशोब बघा. हजार फुटांचा डबा म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. हलक्या कॅमेऱ्यावरचं चारशे फुटांचं मॅगझिन तर साडेचार मिनिटांतच संपतं. मराठी निर्मात्याच्या खिशाला प्रत्येक रीटेक टोचायचा. अशा वेळी नटाच्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं निघालं आणि दिग्दर्शकाने ‘राहू दे, पुढेही असंच कर’ म्हटलं, तर त्या निर्णयाचं अर्धं श्रेय त्याचंही आहे.

आणि तो ठसका इतका का चालला, याबद्दल माझं एक मत आहे. नाटकात प्रेक्षक हसले की नट थांबतो, हसू ओसरू लागलं की पुढचं वाक्य टाकतो. सिनेमात ती सोय नाही, रीळ कुणासाठी थांबत नाही. लालबागच्या भारतमातामध्ये भरलेल्या खेळाला बसलेल्यांना माहीत असेल: एका वाक्यावर हशा उसळला की पुढची दोन वाक्यं त्यात बुडून जायची. मग ती ऐकायला लोक परत तिकीट काढायचे, ते वेगळं. ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ला अर्थच नाही, त्यामुळे ते हशात बुडालं तरी काही बिघडत नाही. आधीच्या वाक्यावर हसून घ्यायला मिळालेली ती मोकळी जागा आहे. रंगभूमीवरून आलेल्या नटालाच अशी जागा सापडते.

कारण अशोकमामा मूळचे तिथलेच. त्यांचे मामा गोपीनाथ सावकार हे नाटकातलं मोठं नाव. शिरवाडकरांच्या ‘ययाती आणि देवयानी’त विदूषकाची भूमिका करत हे व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा वय अठराच्या आसपास. म्हणजे पहिलीच भूमिका विदूषकाची. पण तो विदूषक शिरवाडकरांच्या भाषेतला. तिथे शब्द गिळून चालत नाही. पुढे इतकं भरभर बोलूनही त्यांचा एकही शब्द का निसटत नाही, याचं मूळ मला तिथे दिसतं.

दरम्यान स्टेट बँकेत नोकरी. एक-दोन नव्हे, सुमारे दहा वर्षं. आमच्या गिरगावात तेव्हा बँकेत चिकटलेल्या मुलाला नाटकाचं वेड असेल तर आई-वडील म्हणायचे, “कर हो नाटक, पण नोकरी सोडू नकोस.” तेव्हाच्या मराठी रंगभूमीचा अर्धा डोलारा बँका, एलआयसी, बेस्ट आणि बीएमसीच्या मस्टरवर उभा होता. संध्याकाळी साडेपाचला सुटायचं आणि साहित्य संघाच्या नाहीतर शिवाजी मंदिरच्या पायऱ्या चढायच्या. सिनेमाचं शूटिंग मात्र दिवसा असतं, तिथे मग रजा जुळवायची.

सिनेमात ते गजानन जागीरदारांच्या ‘दोन्ही घरचा पाहुणा’त (१९७१) दिसले, पण नाव झालं ते दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’ने, १९७५ साली. इथे अंगठीचा किस्सा येतो. रंगभूषा करणाऱ्या एका मित्राचं सोन्याचांदीचंही काम होतं. त्याने एकदा अंगठ्यांचा डबा पुढे केला आणि म्हणाला, एक उचल. यांनी उचलली तिच्यावर नटराज कोरलेला निघाला. त्यानंतर दोन-चार दिवसांतच ‘पांडू हवालदार’ चालून आला. तेव्हापासून अंगठी बोटात ती बोटातच. श्रद्धा म्हणा, काहीही म्हणा. मी साउंडवाला असल्याने मला याचं वेगळंच हसू येतं. बिचारा कंटिन्युइटी (म्हणजे कपडे-दागिने शॉटमागून शॉट बरोबर जुळतायत ना ते) बघणारा पोरगा! भूमिका भिकाऱ्याची असो की भुताची, अंगठी आहेच. पुढच्या वेळी सिनेमा बघाल तेव्हा त्यांच्या हातांवर लक्ष ठेवा.

दोन वर्षांनी ‘राम राम गंगाराम’ आला. त्यातल्या म्हमद्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. दादांसमोर उभं राहून लक्षात राहणं ही तेव्हा गंमत नव्हती. तो माणूस एकटाच अख्खं थिएटर खिशात घालून न्यायचा.

‘मामा’ हे नावही सेटवरचंच. कोल्हापूरच्या एका शूटिंगला कॅमेरामनची लहान मुलगी आली होती. हे कोण, तर हे अशोकमामा, असं तिला सांगितलं. मग युनिट म्हणू लागलं, आणि बघता बघता महाराष्ट्र.

आता माझा सगळ्यात आवडता धागा. यात सेटवरचा किस्सा नाही, नुसती साल-नावं जुळवत गेलो की आपोआप सापडतो. ‘धूमधडाका’ची गोष्ट मूळची श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या तमिळ सिनेमाची. त्यांनीच तो १९६६मध्ये हिंदीत ‘प्यार किये जा’ म्हणून केला. त्यातला तो खोटा श्रीमंत बाप कोण होता माहितीये? किशोर कुमार. म्हणजे अशोकमामांनी पाइप तोंडात धरला तो किशोरदांच्या जागी. पुढे १९८७ साली सचिन यांच्या ‘गंमत जंमत’मध्ये ‘अश्विनी ये ना’ आलं. अशोकमामांच्या तोंडी आवाज कुणाचा? किशोर कुमारचाच. संगीत अरुण पौडवाल, शब्द शांताराम नांदगावकर. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला किशोरदा गेले. आणि यांचं ‘अशोक’ हे नाव घरच्यांनी ठेवलं ते अशोक कुमार यांच्यावरून, म्हणजे किशोरदांच्या थोरल्या भावावरून. एवढी नाती तर आमच्या चाळीत लग्नं जुळवणाऱ्या काकूंनीही कधी लावली नव्हती.

त्या गाण्यात एक गोष्ट बघाच. किशोर कुमारचा आवाज अंगावर पेलायला साधा नाही. तो स्वतःच इतकं अभिनय करतो की पडद्यावरच्या माणसाला करायला काही उरत नाही. अशोकमामा तिथे त्या आवाजाशी स्पर्धा न करता त्याच्या मागे मागे अंग सैल सोडून देतात. गाणं म्हणणाऱ्या नटाचे ओठ नीट जुळतायत का हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या गाण्यात ते बघायचं माझ्या लक्षातच राहत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल (१९८८) सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून एकच सांगतो. कथा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) मार्गे आलेली, मूळ बंगाली. मराठी संवाद वसंत सबनीसांचे, ज्यांनी दादांसाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं तेच. त्यात साड्या नेसून लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन भाव खातात, आणि अशोकमामांच्या वाट्याला साध्या कपड्यातला धनंजय माने. कागदावर बघितलं तर विनोदी नटाला ही कोरडी भूमिका. पण ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य घ्या. घाबरलेल्या माणसाची जीभ सत्य बोलून जाते, तेही ‘हा माझा’ एवढ्याशा दोन शब्दांत. बंगालीत असलं लिंगच नाही, हिंदीतल्या ‘ये’लाही नाही, तिथे ते फक्त ‘मेरा-मेरी’त दिसतं. हा विनोद व्याकरणाचा आहे, आणि तो म्हणताना त्यांचा चेहरा अजिबात बदलत नाही. चूक आपल्याला ऐकू येते, त्यांना नाही. डबिंगला हे वाक्य कुणी ‘दाखवून’ म्हटलं असतं तर तिथेच मेलं असतं.

गंभीर भूमिकांबद्दल नेहमी हळहळ व्यक्त होते की त्यांना तशा मिळाल्या नाहीत. कमी मिळाल्या, पण मिळाल्या. विजया मेहतांच्या ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकातला लुक्का, ‘चौकट राजा’तला गणा, पुरुषोत्तम बेर्डे यांचा ‘भस्म’. हिंदीत मात्र ‘करण अर्जुन’चा मुनशी आणि ‘हम पाँच’चा आनंद माथुर यापलीकडे लोकांना आठवत नाही, आणि त्यात मला फारसं वाईटही वाटत नाही. आपलं माणूस आपल्याकडेच राहिलं.

आता तुम्ही करून बघायची एक गोष्ट. एखाद्या रविवारी ‘प्यार किये जा’मधले किशोर कुमारच्या खोट्या बापाचे प्रसंग आधी बघा, लगेच ‘धूमधडाका’तले तेच प्रसंग लावा. दुसऱ्या वेळी कानाला हेडफोन लावून डोळे मिटा. ठसक्याच्या अगदी आधी श्वास आत ओढल्यासारखं काही ऐकू येतं का बघा. येत असेल, तर मला नक्की सांगा. माझे कान आता पूर्वीचे राहिलेले नाहीत आणि घरात या विषयावर माझी पैज लागलेली आहे.