वडील गेल्यावर 76 वर्षांच्या आईला गावाहून पुण्यात आणलं. खाणंपिणं, औषधं सगळं वेळेवर आहे, तरी ती गप्प गप्प असते. काय करावं?

आधी त्यांचे कान तपासून घ्या. टीव्हीचा आवाज वाढलाय का, चारचौघांत नुसतं हसून मान हलवतात का, ते बघा. ऐकू कमी आलं की माणूस बोलणं टाळतो आणि घरच्यांना तो उदास वाटतो. न ऐकू येण्याकडे दुर्लक्ष केलं तर स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

कान ठीक असतील तर घरात त्यांच्या हातात काय उरलंय ते पाहा. गावी दूधवाल्याचा हिशोब, अंगण, शेजारणी, सगळं त्यांचं होतं. इथे "आई, तू बस, आराम कर" एवढंच. तो आराम खरंच जीव खातो हो! भाजी त्यांनाच आणू द्या, मेथी निवडताना तुम्हीही शेजारी बसा, आज काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिले काही दिवस सोबत जा, एकट्याने नवीन माणसांत शिरणं अवघड असतं.

आणि गावी जाऊ द्या. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत आहे, वयाचं ओळखपत्र सोबत असू द्या. सोबतीला कुणी असलं म्हणजे झालं.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, "आता जगून काय करू" असं बोलत असतील, तर वय म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणातलं नैराश्य उपचारांनी बरं होतं. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइनही आहे.