कॉक्लिअर न्यूक्लियसमधल्या पेशींचे नेमके किती प्रकार धरायचे?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी जर्बिलच्या (उंदरासारखा एक प्राणी) कॉक्लिअर न्यूक्लियसमधली (कानाकडून येणारी श्रवणचेता मेंदूत पहिल्यांदा पोचते ती जागा) जुनी रेकॉर्डिंग्ज मिळाली आहेत, पीएसटी हिस्टोग्रामवर (टोन सुरू झाल्यावर पेशीचे स्पाइक, म्हणजे विद्युत ठोके, केव्हा पडले त्याचा आलेख) के-मीन्स (डेटाचे के इतके गट पाडणारी पद्धत) लावलंय, तर के किती घ्यायचा, आणि जे गट पडतील त्यांना बुशी, स्टेलेट, ऑक्टोपस अशी पेशींच्या प्रकारांची नावं द्यायची का. गाइड म्हणतात, चार घे, फायफरने चारच सांगितलेत.

नावं देऊ नका. के चं नंतर बघू. पण तुमच्या गाइडचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच चार खान्यांवरून मी पीएचडीभर भांडले आहे.

फायफरनी १९६६ मध्ये मांजरावर काम केलं. युनिटच्या, म्हणजे इलेक्ट्रोडला सापडलेल्या एका पेशीच्या, आवडत्या फ्रिक्वेन्सीचा छोटा टोन पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि दर वेळी स्पाइक कधी पडले ते एकत्र मांडायचं. त्यातून प्रायमरी-लाइक (श्रवणचेतेसारखा), चॉपर (ठरावीक लयीत स्पाइक देणारा), ऑनसेट (फक्त सुरुवातीला देणारा) आणि पॉझर (मध्ये थांबणारा) असे आकार निघाले. पेशींची नावं मात्र वेगळ्याच वाटेनं आली. किर्स्टन ओसेननी १९६९ मध्ये निसल रंगावर (पेशींचे देह दाखवणारा रंग) मांजराच्या न्यूक्लियसचा नकाशा काढला. १९७४ मध्ये ब्रॉवर, मोरेस्ट आणि केन यांनी गोल्जी पद्धतीनं रंगवून डेंड्राइट, म्हणजे पेशींच्या फांद्या, पाहिले. एक यादी कानावरून केलेली, दुसरी डोळ्यांवरून. दोन्हींची गाठ पक्की बांधायची तर जिचं रेकॉर्डिंग घेतलं त्याच पेशीत रंग भरून ती नंतर काचेखाली शोधावी लागते. १९८३ मध्ये ऱ्होड, ओअर्टेल आणि स्मिथ यांनी मांजरात तेच केलं. तुमच्या डेटात असा रंग भरलेला नाही. मग नाव कशाच्या जोरावर देणार? हाकेला माणूस कशी ओ देतो एवढ्यावरून त्याचं गाव सांगण्यासारखं आहे ते. कधी कधी बरोबर येतं, पण खात्री नाही.

गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. ऑनसेट घ्या. टोन सुरू होताच स्पाइक आणि पुढे जवळजवळ शांतता, असं करणाऱ्यांत ऑक्टोपस पेशी येतात, ज्या पुढच्या पेशींना उत्तेजित करतात. त्याच खान्यात डी-स्टेलेट या एका प्रकारच्या स्टेलेट पेशीही येतात, ज्या ग्लायसिन हे रसायन सोडून पुढच्या पेशींना दाबतात. कामं एकमेकांच्या उलट, खाना एकच. आता चॉपर घ्या. तिथे सस्टेन्ड आणि ट्रान्झिअंट असे दोन वर्ग लिहितात, आणि दोन्हींत टी-स्टेलेट या दुसऱ्या प्रकारच्या स्टेलेट पेशीच सापडतात. त्या दोघांमधली रेघसुद्धा स्पाइकांमधल्या अंतराच्या नियमितपणावर, म्हणजे सीव्हीवर, ०.३ किंवा ०.३५ अशी कुठेतरी ओढलेली असते. ती रेघ मेंदूत नाही, आपल्या कोष्टकात आहे.

आता माझं भांडण. मी जर्मनीत होते, प्रयोगशाळेचं नाव सांगणार नाही. जर्बिलच मुद्दाम निवडला होता, कारण त्याला कमी फ्रिक्वेन्सीचं चांगलं ऐकू येतं. रात्री उशिरा, भूल दिलेला प्राणी साउंडप्रूफ खोलीत, काचेचा इलेक्ट्रोड न्यूक्लियसच्या अँटेरोव्हेंट्रल (पुढच्या-खालच्या) भागात, आणि एक सुंदर युनिट लागलं. सीएफ, म्हणजे आवडती फ्रिक्वेन्सी, पाचशे हर्ट्झच्या आसपास. हिस्टोग्रामवर उंच, टोकदार शिखरं, दोन-दोन मिलिसेकंदांच्या अंतरानं, टोन संपेपर्यंत. सकाळी आमच्या सरांनी स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, चॉपर, पुढे चला.

तो चॉपर नव्हता. पाचशे हर्ट्झच्या टोनचं एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचंच असतं. पेशी टोनच्या लाटेला धरून स्पाइक देत होती, तिची स्वतःची लय नव्हतीच. चॉपरची खूण ही की शिखरांमधलं अंतर टोनच्या फ्रिक्वेन्सीवर ठरत नाही. मी रात्रीच चारशे हर्ट्झही वाजवून ठेवला होता, आणि तिथे अंतर अडीच मिलिसेकंद झालेलं दिसत होतं. शिवाय कच्च्या सिग्नलमध्ये प्रत्येक स्पाइकच्या जेमतेम अर्धा मिलिसेकंद आधी एक छोटा उंचवटा होता. हे प्रीपोटेन्शियल. श्रवणचेतेचा तंतू बुशी पेशीच्या अंगावर जो मोठा थोरला एंडबल्ब ऑफ हेल्ड बसवतो, त्याची ती सही. टी-स्टेलेटवर एवढं मोठं टोक नसतं. मी तो भाग मोठा करून, एकाखाली एक स्पाइक लावून छापून नेला. फ्रिक्वेन्सी बदलली की शिखरं सरकतात, उंचवटा जागचा हलत नाही. याहून स्वच्छ पुरावा रंग न भरता मिळत नाही.

सरांना ते पटलं. पटलं म्हणूनच मला जास्त राग आला, कारण पुढचं वाक्य होतं, "मग प्रायमरी-लाइकमध्येही नीट बसत नाही, काढून टाका." १९९४ मध्ये जोरिस आणि सहकाऱ्यांनी मांजरात दाखवलंय की कमी फ्रिक्वेन्सीच्या काही बुशी पेशी खुद्द श्रवणचेतेपेक्षा काटेकोरपणे लाटेला धरून बसतात. म्हणजे आमच्या हाती लागलेलं युनिट विचित्र नव्हतंच. या भागाला जे काम सर्वांत चांगलं जमतं तेच ते करत होतं. दोन कानांत आवाज पोचण्यातला फरक मेंदूतल्या ज्या मेडियल सुपिरियर ऑलिव्ह या पुढच्या ठाण्याला मोजायचा असतो, त्याला असाच काटेकोर माल लागतो. आणि आम्ही ते काढून टाकलं, कारण कोष्टकात चार ओळी होत्या आणि पाचवी ओळ दिसली की रिव्ह्यूअर प्रश्न विचारतात. छापलेल्या पेपरात 'अवर्गीकृत' ही ओळ नाही. तो पेपर वाचणाऱ्याला वाटेल की त्या न्यूक्लियसमध्ये सगळं चार डब्यांत बसतं. माझ्या मते अशी ओळ गाळणं म्हणजे डेटा लपवणं, आणि हे मी तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून तुमच्या कामाचं सांगते. एक किलोहर्ट्झच्या खालच्या सीएफची युनिट्स आधी बाजूला काढा, नाहीतर के-मीन्स त्यांना बिनदिक्कत चॉपरांत टाकेल. दर वेळी टोन वेगळ्या फेजवर, म्हणजे लाटेच्या वेगळ्या टप्प्यावर, सुरू केलेला असेल तर उत्तम, लाटेची शिखरं आपोआप पुसली जातात आणि खरं चॉपिंग तेवढं उरतं. सगळे हिस्टोग्राम थ्रेशोल्डच्या (युनिट जेमतेम प्रतिसाद देतं त्या पातळीच्या) वर सारख्याच डेसिबलवर घ्या. आवाज वाढला की एकाच युनिटचा आकार बदलू शकतो, आणि मग एकच पेशी दोन क्लस्टरांत बसते. नुसता आकार देऊ नका, सीव्ही आणि पहिल्या स्पाइकची लेटन्सीही (तो पडायला लागलेला वेळ) द्या. कच्चा सिग्नल असेल तर प्रीपोटेन्शियल शोधा, त्या एका उंचवट्यात अख्ख्या हिस्टोग्रामपेक्षा जास्त माहिती असते. चार किंवा पाच हे गाइडच्या आठवणीवरून ठरवू नका, डेटाचे वेगवेगळे अर्धे घेऊन कुठले गट टिकतात ते पाहा. आणि जी युनिट्स बसत नाहीत त्यांची ओळ कोष्टकात ठेवा. गाइड नाही म्हणाले तरी.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, तीही सांगते. प्रतिसादावरून पाडलेले वर्ग दर वेळी पोकळच निघतात असं नाही. लिबरमननी १९७८ मध्ये मांजराच्या श्रवणचेतेतले तंतू शांततेत पडणाऱ्या स्पाइकांच्या दरावरून तीन गटांत पाडले होते. २०१८ मध्ये उंदराच्या श्रवणचेतेतल्या टाइप वन पेशींचे (ज्यांचे ते तंतू असतात) आरएनएवरून तीन उपप्रकार निघाले आणि ते त्या जुन्या गटांशी बऱ्यापैकी जुळतात. शिवाय माझं सगळं काम व्हेंट्रल (खालच्या) भागातलं आणि भूल दिलेल्या प्राण्यांवरचं. डॉर्सल (वरच्या) भागातली युनिट्स असतील तर माझं सांगणं जपून घ्या. तिथे भुलेनं दाबणारे प्रतिसाद बदलतात, म्हणूनच यंग आणि ब्राउनेल यांनी १९७६ मध्ये डीसेरेब्रेट मांजरं (मोठ्या मेंदूशी संबंध तोडलेली, म्हणून भूल न लागणारी) वापरली होती. ग्रॅन्यूल पेशी तर संख्येनं भरपूर असूनही इतक्या लहान आहेत की आपल्या इलेक्ट्रोडला जवळजवळ सापडतच नाहीत. त्यामुळे के काहीही आला तरी तो तुमच्या रेकॉर्डिंगमधल्या गटांचा आकडा आहे, न्यूक्लियसमधल्या पेशींचा नाही.

रेकॉर्डिंगमध्ये टोनची सुरुवातीची फेज कायम होती की बदलती, हे कळलं तर कमेंटमध्ये लिहा. पुढचं त्यावर ठरेल.