विंडोज, मॅक आणि उबुंटूला एकच प्रिंटर वापरायचा असेल तर

विंडोज पीसीला यूएसबीने जोडलेला प्रिंटर तुम्ही शेअर केलाय, पण मॅकचं छपाईचं काम रांगेत 'होल्ड फॉर ऑथेंटिकेशन' म्हणून अडकतं आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) पुन्हापुन्हा पासवर्ड मागतो. यात प्रिंटरचा दोष नाही. विंडोजचं शेअरिंग एसएमबी या नेटवर्कवर फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्याच्या पद्धतीवरून चालतं आणि तिथे त्या पीसीवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. लॉगिनचा पिन चालत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण रोज पिन टाकून पासवर्ड विसरायला झालेला असतो. मॅकच्या रांगेत त्या कामासमोरच्या गोल बाणावर क्लिक करा, पासवर्ड द्या आणि कीचेनमध्ये, म्हणजे मॅकच्या पासवर्डच्या साठ्यात, सेव्ह करा.

पण माझं ऐकाल तर ही वाटच सोडा. २०२१मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' हा सुरक्षेतला दोष उघड झाल्यापासून विंडोजने प्रिंटर शेअरिंगचे नियम बरेच कडक केलेत. एखाद्या अपडेटनंतर चालू असलेलं शेअरिंग बंद पडू शकतं. शिवाय तो पीसी बंद म्हणजे सगळ्यांची छपाई बंद.

प्रिंटरला वायफाय किंवा लॅन पोर्ट असेल आणि त्यात एअरप्रिंटची (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापण्याची सोय) सोय असेल, तर केबल काढा आणि प्रिंटर थेट राउटरला जोडा. असा प्रिंटर आयपीपी ही नेटवर्कवरून छापण्याची प्रमाण पद्धत वापरतो आणि ती तिन्ही सिस्टिमना कळते, त्यामुळे सहसा कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता मात्र राखून ठेवा. पत्ता बदलला की चांगला चालू प्रिंटर विंडोजला 'ऑफलाइन' दिसू लागतो.

जुना, फक्त यूएसबीचा प्रिंटर असेल तर तो उबुंटूच्या मशीनला लावा. तिथे कप्स (CUPS) हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर असतंच. त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ६३१ पोर्ट (localhost:631) उघडा, ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये शेअरिंगच्या चौकटीत टिक करा, मग त्या प्रिंटरचंही शेअरिंग चालू आहे ना ते बघा. ही दुसरी टिक हमखास राहून जाते. मॅकला प्रिंटर आपोआप दिसेल. विंडोजमध्ये 'सिलेक्ट अ शेअर्ड प्रिंटर बाय नेम' निवडून एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता द्या: उबुंटूचा आयपी, पोर्ट ६३१, पुढे 'प्रिंटर्स' (printers) आणि शेवटी रांगेचं नाव, कप्समध्ये दिसतं तसंच्या तसं.

तरी दिसत नसेल तर उबुंटूच्या फायरवॉलमध्ये टीसीपी ६३१ आणि यूडीपी ५३५३ उघडे आहेत का पाहा. ५३५३ फक्त प्रिंटर शोधण्यासाठी लागतो. तो अडला तरी आयपी टाकून प्रिंटर जोडता येतो. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर आधी मुख्य नेटवर्कवर आणा. आणि ६३१ राउटरमधून बाहेर इंटरनेटला कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४मध्ये कप्समध्येही गंभीर दोष सापडले होते.