कार्ड फॉरमॅट मागतंय? आधी कॅन्सल दाबा

प्रश्न : नमस्कार. माझ्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड आहे. बहिणीच्या हळदीचे फोटो काढले आणि घाईघाईत कार्ड तसंच उपसून लॅपटॉपला लावलं, तर 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' असं येतंय. प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम रॉ दाखवतंय. मित्र म्हणतो चेकडिस्क मार, सगळं परत येईल. मारू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका मारू. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड. तसंही रॉ दिसणाऱ्या, म्हणजे ज्याची फाइल सिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) विंडोजला ओळखताच येत नाही अशा कार्डावर ती चालत नाहीच, 'रॉ ड्राइव्हला उपलब्ध नाही' म्हणून हात वर करते. आणि जिथे चालते तिथे ती फाइल सिस्टिम सरळ करायला बसते, तुमचे फोटो वाचवायला नाही, हा फरक लोक विसरतात. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ती फाउंड.००० नावाच्या फोल्डरात .सीएचके फाइली करून टाकते, आणि त्यातली एखादी नाव बदलून उघडली की वर हळद लावलेला अर्धा चेहरा आणि खाली नुसता करडा पट्टा असलं काहीतरी दिसतं.

६४ जीबीच्या कार्डाची फाइल सिस्टिम बहुतेक वेळा एक्सफॅट असते. कुठली फाइल कुठे आहे ही अनुक्रमणिका फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टिम दोन प्रतींत ठेवते, एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच असते, त्यामुळे लिहिणं चालू असताना कार्ड उपसलं की फटका जास्त बसतो. पण अनुक्रमणिका गेली म्हणजे पानं गेली असं नाही, फोटो बहुधा आहेत तिथेच आहेत. म्हणून आता त्या कार्डावर काहीही लिहायचं नाही, कॅमेऱ्यात परत घालून 'एक फोटो काढून बघू' तर अजिबातच नाही.

आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. साधारण ५९ जीबी दिसत असेल तर कार्ड जिवंत आहे (६४ चे ५९ का, तर विंडोज १०२४ च्या हिशोबाने मोजतं, चोरी नाहीये ती). 'नो मीडिया' येत असेल तर रीडर बदलून बघा, तरीही तेच आलं तर बहुधा कार्डातला कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार बघणारी चिपच, गेलीय, मग कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जावं लागेल.

कार्ड दिसत असेल तर अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत उतरवलेली हुबेहूब प्रत, लॅपटॉपवर घ्या. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅममधून घेता येते, आणि कार्ड वाचताना अडकत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू बरं, ते खराब भाग आधी सोडून देतं आणि शेवटी परत त्यांच्या मागे लागतं. मग क्यूफोटोरेक हा फोटो शोधून काढणारा प्रोग्रॅम उघडून त्याला कार्ड नाही, ती इमेज द्यायची. हे तिन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. फाइलींची मूळ नावं जातील, फोटो बरेचसे येतील, मोठे व्हिडिओ मात्र तुकड्यांत लिहिलेले असले की अर्धवट निघतात. सगळं हाताशी आलं की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच.

प्रश्न : ऑनलाइन १ टीबीचं मेमरी कार्ड फारच स्वस्तात मिळालं. सुरुवातीला मस्त चाललं, आता नवीन फाइली कॉपी होतात पण उघडतच नाहीत. फॉरमॅट करूनही तेच.

उत्तर : कार्ड नकली आहे हो, जवळजवळ नक्कीच. आत ३२ किंवा ६४ जीबी असतात आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा जुन्यावरच चढतं. फॉरमॅटने हे कसं सुटणार? रिकाम्या कार्डावर विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवा, ते कार्ड भरेपर्यंत लिहून परत वाचून बघतं, एवढ्या मोठ्या कार्डाला रात्रभर लागेल. रिपोर्टचा स्क्रीनशॉट काढा आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा.

प्रश्न : पेनड्राइव्हवर जागा आहे तरी ६ जीबीचा पिक्चर जात नाही. 'फाइल टू लार्ज' म्हणतो.

उत्तर : फॅट३२ आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फक्त टीव्ही जुना असेल तर त्याला एक्सफॅट वाचता येतं का ते आधी बघा.