टर्कीच्या शिकारीला खुर्ची न्यावी का?

प्रश्न : ताई, मी पेनसिल्व्हेनियात राहतो, वय ५२. मागच्या वसंतात आयुष्यात पहिल्यांदा टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीला गेलो. ओकच्या बुंध्याशी जमिनीवरच बसलो होतो. नर तीनदा ओरडला, दर वेळी आवाज आणखी जवळून आला. पण तोवर माझ्या डाव्या पायाला मुंग्या येऊन तो पार बधिर झाला होता. जरा पाय लांब केला, पाचोळा वाजला आणि नर पुन्हा ना ओरडला, ना दिसला. मला कंबरेचं जुनं दुखणं आहे. दुकानात घडीच्या खुर्च्या, हवेच्या उशा, झाडाला बांधायच्या झोळ्या, मागे गादी लावलेली जाकिटं असं इतकं काही होतं की रिकाम्या हातानं परतलो. मुलांचे सामने बघायला नेतो ती हातांची घडीची खुर्ची घरात आहे. तीच नेली तर?

उत्तर : ती सामन्यांनाच राहू द्या. कारण सांगते, पण आधी तुमच्या पायाबद्दल. तुमचं काहीही चुकलेलं नाही. थंडगार जमिनीवर, मुळांच्या गाठींवर, एकाच बाजूला भार देऊन पाऊण तास बसलं की कुणाचाही पाय झोपतो. माझाही झोपायचा. सुरुवातीची काही वर्षं मी हट्टानं जमिनीवर बसले आणि किती नर घालवले ते मोजायचं सोडून दिलं. उठल्यावरही पाय बराच वेळ बधिर राहत असेल तर मात्र खुर्ची घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

टर्कीला वास फारसा कळत नाही. हरणासाठी वारा सांभाळावा लागतो, तसं इथे नाही. इथे मुख्य खेळ नजरेचा आहे. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान जराशी वळवली की चारी दिशा तिच्या नजरेत. रंग ती उत्तम ओळखते, आणि एवढीशी हालचालही तिच्यातून सुटत नाही. म्हणून बैठक निवडताना मी एकच बघते: हिच्यावर बसून मी नर येईपर्यंत न हलता राहू शकेन का, आणि तेही झाडाला पाठ लावून?

‘झाडाला पाठ लावून’ हे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत. तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद बुंधा पाठीशी हवा. त्यानं तुमची आकृती उठून दिसत नाही हा एक फायदा. दुसरा फायदा जीव वाचवणारा आहे. वसंतात नराला बोलवायला आपण मादीचा आवाज काढत बसलेलो असतो आणि त्याच रानात दुसराही कुणी शिकारी तो आवाज खऱ्या टर्कीचा समजून मागून येऊ शकतो. तेव्हा बुंधा आपली पाठ झाकतो. आपल्या राज्यात वसंतातली टर्कीची शिकार फक्त आवाज देऊन करायची असते, पक्ष्यावर किंवा त्याच्या आवाजावर दबकत चालून जायला मनाई आहे. तरी एका सकाळी एक माणूस माझ्या आवाजावर मागून आला. माझ्या पाठीशी हेमलॉकचं जाड झाड होतं. कोरड्या फांदीचा मोडल्याचा आवाज आला, मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर पानांमधून बुटांची हालचाल. मी हात हलवला नाही, मादीचा आवाज काढायचा कॉलही वाजवला नाही, कारण दोन्हींचा अर्थ त्याला ‘टर्की’ असाच लागला असता. मी मोठ्यानं, स्पष्ट माणसाच्या आवाजात ओरडले, “थांबा, इथे माणूस आहे!” तो थांबला, माफी मागून निघून गेला. माझे हात मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते. त्या दिवसापासून मी आधी झाड निवडते आणि त्या झाडाशी जमेल तशी बैठक मांडते. जी खुर्ची मला झाडापासून हातभर पुढे ओढते, ती कितीही मऊ असो, मला नको.

आता तुमची सामन्यांची खुर्ची बघा. तिच्यावर बसलेला माणूस झुडपांच्या वर उठून दिसतो. तिची पाठ मागे कललेली, म्हणून बुंध्याशी नीट लागत नाही. खुर्चीचे हात मध्ये येतात, बंदूक फिरवताना कोपर अडतं. आणि पावसानंतरच्या भुसभुशीत मातीत तिचा एखादा पाय रुततो, मग तुम्ही तिरके होता आणि सरळ व्हायला हलता.

तुमच्या कंबरेसाठी माझा कौल टर्कीच्या शिकारीसाठीच केलेल्या बुटक्या खुर्चीला आहे: पाठ असलेली, हात नसलेली, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पाटावर बसतो त्याहून थोडं उंच, एवढंच. तिच्यात गुडघे आपोआप वर येतात आणि डाव्या गुडघ्यावर बंदूक टेकवता येते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण नर समोर येऊन शेपटीचा पंखा फुलवून उभा राहिला की तो दहा मिनिटंही तिथेच रेंगाळू शकतो, आणि तेवढा वेळ बंदूक नुसत्या हातांवर तोलणं कुणालाच जमत नाही. मात्र गुडघे कमरेपेक्षा वर गेले की कंबर मागे गोल होते, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथेच उठेल. त्यावर उपाय साधा आहे. पहाटे चढताना अंगातून काढलेला स्वेटर गुंडाळायचा आणि कमरेच्या खळग्यात, खुर्चीच्या पाठीआड दाबून ठेवायचा. खुर्चीची पाठ बुंध्याला टेकलेली हवी, अधांतरी नको.

खाली चार टोकदार पाय असलेली घेऊ नका. दोन्ही बाजूंना जमिनीलगत आडवी नळी असलेली घ्या, ती रुतत नाही. पुढची कड मांडीला काचते का ते दुकानातच बसून बघा. पायाला मुंग्या येण्याचं कारण पुष्कळदा तीच कड असते. आणि कान देऊन ऐका. माझ्या पहिल्या खुर्चीचा एक रिवेट कुरकुरायचा. घरात मला तो कधी ऐकू आला नव्हता. मे महिन्यातल्या एका निःशब्द सकाळी, साठ पावलांवर नर उभा असताना, मी श्वास सोडला आणि तो ‘कुर्र’ वाजला. नराची मान ताठ झाली, एकदा ‘पुट’ असा धोक्याचा आवाज आला आणि तो गेला. ते आठवलं की आजही जिवाला लागतं. तेव्हा सांध्यांना तेल द्या, धातूला धातू लागतो तिथे कापडी पट्टी गुंडाळा, आणि चिकटबंदाचे (व्हेल्क्रोचे) पट्टे बसल्यावर उघडायची वेळच येऊ देऊ नका.

रंगांचंही बघा. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग असतात, म्हणून शिकारीला यातला एकही अंगावर नको, रुमालसुद्धा नाही. खुर्चीवर मात्र कंपनीचं पांढरं लेबल किंवा लाल शिवण हमखास असते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. उसवा, नाहीतर काळ्या मार्करनं रंगवा. याउलट चालताना, खुर्ची पाठीवर असताना, भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला, आणि बसलात की बाकीच्या शिकाऱ्यांना दिसेल असा नारिंगी पट्टा झाडाला गुंडाळा. खुर्ची मांडताना आणि हलवताना बंदूक रिकामी हवी. खुर्चीला टेकवून ठेवू नका, ती घसरते.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. हवेच्या उशा मला पटत नाहीत, एका काट्यानं त्यांचं काम संपतं. झाडाला बांधायची झोळी आरामाची आहे, पण अंधारात ती बांधण्यात वेळ जातो, आणि नर डोंगराच्या दुसऱ्या सोंडेवर ओरडला की सोडून पुन्हा बांधा. गादीचं जाकीट ज्यांना सारखी जागा बदलायची असते त्यांच्यासाठी चांगलं, तुमच्या कंबरेला ते पुरणार नाही. मात्र फोमची दोन-तीन इंच जाड, पाणी न शोषणारी साधी गादी जवळ ठेवाच. तीव्र उतारावर खुर्ची घसरते, तिथे गादीच कामाला येते. तिचं वजन जाणवतही नाही.

बसताना एक गोष्ट मुद्दाम करा. तुम्ही उजव्या हातानं नेम धरत असाल तर नराकडे तोंड करून बसू नका, डावा खांदा त्याच्या दिशेला ठेवा. मग बंदूक डावीकडेही बरीच जाते आणि उजवीकडेही. आणि पाठ टेकण्यापूर्वी बुंधा टॉर्चच्या उजेडात बघून घ्या. त्यावर केसाळ दोरासारखी वेल चढलेली असेल तर ती अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही आहे, झाड बदला. वरही बघा, वाळकी फांदी लोंबत असेल तर तिथे बसू नका.

पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या टप्प्यात शिकार दुपारी १२ वाजता थांबते. म्हणजे पहाटेपासून धरलं तरी सहा-सात तास. ते एका बैठकीत काढायचा हट्ट नको. एका जागी पाऊण तास ते तास बसा. रान शांत असेल तर सावकाश उठा, बंदूक रिकामी करा, चाला, पाय मोकळे करा आणि नवं झाड शोधा.

खुर्ची हंगामाआधी आणा आणि घराच्या मागे, झाडाखाली, शिकारीच्याच कपड्यांत एक तास बसून बघा. हातात बंदुकीऐवजी काठी घ्या, ती गुडघ्यावर ठेवा, आणि पाय पहिल्यांदा कितव्या मिनिटाला हलवावासा वाटला ते घड्याळात बघा. चाळीस मिनिटांच्या आत हलवावासा वाटला तर परत करायची मुदत संपण्याआधी ती बदलून घ्या.

प्रश्न : मी मुलीला तंबूसारख्या आडोशात बसवते, ती ११ वर्षांची आहे. तिलाही बुटकी खुर्चीच घ्यायची का? आणि बैठकीवरून गोचिडी चढतात का?

उत्तर : नाही, आडोशात उलटा हिशेब. तिथे खिडकी उंचावर असते, बुटक्या खुर्चीतून तिला नुसतं कापड दिसेल. तिला खिडकीत बसवा, बंदूक तिवईवर ठेवा, आणि मग तिचे पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी उंची निवडा. पाय लोंबकळले की मुलं झुलवतात. आत काळे कपडे घाला आणि मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात तुमच्या सावल्या दिसतील.

गोचिडी चढतात, आणि काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो, म्हणून हे मनावर घ्या. ०.५ टक्के परमेथ्रिनचा फवारा कपड्यांवर आणि खुर्चीच्या कापडावर आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळू द्या. तो त्वचेवर लावायचा नसतो. घरात मांजर असेल तर ओलं असेपर्यंत तिला जवळ येऊ देऊ नका, मांजरांना ते विषारी आहे. घरी आल्यावर मुलीची गुडघ्यामागची खोबण, काखा, कमरेचा पट्टा आणि केसांची मुळं बोटांनी चाचपून बघा. खुर्ची गाडीतून थेट घरात आणू नका, बाहेर उन्हात उघडी ठेवा.